कोठीतली गाय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात जाईल. कारण हा जो मी तुमच्यापुढे इतका शहाण्यासारखा बसलोय ना, त्या माझा एका गायीपायी रोहा स्टेशनवर भर दुपारी पार पोपट झालेला आहे. गाय खरी नव्हे हो. कॉम्प्युटरमधली. थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मंदारला उन्हाळा बाधला.

पेणचं आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. गणपतीच्या कारखानदारांना मुकुट, प्रभावळ, मखराची नक्षी असं सगळं कॉम्प्युटरवर काढून द्यायचं हा आमचा धंदा. पेणला आम्ही तिघं. मी, आमच्यात सगळ्यात जुन्या सुरेखाताई, आणि कल्याणी. रोह्याला एक छोटी शाखा. शाखा म्हणजे काय, तर एक टेबल, कॉम्प्युटरचा एक पडदा आणि त्यामागे बसलेले नाना. नाना म्हणजे कल्याणीचे वडील. ते ऑर्डरी घ्यायचे. खरा मोठा कॉम्प्युटर एकच, आमच्याकडे पेणला. रोह्याचा पडदा इंटरनेटवरून त्यालाच जोडलेला.

आता त्या मोठ्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं, ज्याचं काम म्हणजे बाकीची सॉफ्टवेअरं आणणं. त्याला नुसतं नाव सांगायचं. ते बाहेरून हवं ते आणतं, जागच्या जागी मांडतं, जुनं झालं की बदलतं. वाण्याकडे निरोप धाडला आणि सामान घरपोच आलं, तसं! पण त्यात एक मेख. ज्याने ते पहिल्यांदा आपल्या खात्यातून बसवलं, मालकी त्याची. दुसऱ्याने हात लावला की कॉम्प्युटर म्हणणार, परवानगी नाही.

मग काय, रोज सकाळी भांडण.

"मंदार, माझी नक्षी उघडत नाय! तू परत काहीतरी केलंस."

"ताई, मी फक्त नवीन आवृत्ती आणली."

"कोणाला विचारून आणलीस? सामान माझ्या नावावर हाय ना?"

"होतं. काल मी माझ्या नावावर केलं."

"म्हणजे चोरलंस!"

सातबाऱ्यावर नाव चढवावं तसं चाललं होतं आमचं. आज माझं नाव, उद्या ताईंचं. एकदा तर आम्ही दोघांनी एकाच वेळी मालकी ओढली आणि दुपारपर्यंत कोणाचंच काही उघडेना. ऐन सीझनला! कारखानदार दारात उभा, आणि त्याचा मुकुट कॉम्प्युटरच्या पोटात.

तेव्हा कल्याणी उठली. ती रोज रोह्याहून गाडीने यायची. बोलायची कमी, पण बोलली की विषय संपला. म्हणाली, "भांडण मालकीचं आहे ना? मग मालक तिसराच आणू."

आणि तिने कॉम्प्युटरवर एक नवीन खातं उघडलं. माणसाचं नव्हे, नुसतं सामान सांभाळायचं खातं. नाव ठेवलं 'कोठी'. सगळी सॉफ्टवेअरं कोठीच्या मालकीची. वापरा सगळ्यांनी, पण नवीन काही आणायचं, बदलायचं, काढायचं असेल तर कोठी म्हणून आत शिरायचं, काम करायचं आणि बाहेर पडायचं.

"म्हणजे कोठी माझी नाय, याचीपण नाय?" सुरेखाताईंनी खात्री करून घेतली.

"कोणाच्याच बापाची नाय, ताई."

भांडण त्या दिवशी संपलं ते संपलंच. मग ती माझ्या टेबलाशी आली, वाकली, आणि हळूच म्हणाली, "कोठीचा पासवर्ड तुला सांगून ठेवते. तुझ्या-माझ्यातच राहू दे हां."

तुझ्या-माझ्यात!

तुम्ही हसाल, पण मला आजवर कोणी काही 'तुझ्या-माझ्यात' म्हणून दिलेलं नव्हतं. लोकांना गुलाब मिळतात, मला पासवर्ड मिळाला. पण मिळाला ना?

पुढे व्हायचं तेच झालं. तिला बंगळूरला मोठी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ऑफिसात वडे आणले होते. मी मनात चार-पाच वाक्यं जुळवून ठेवली होती. ती बॅग घेऊन दाराशी आली, थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, "चल, येते."

मी काय म्हणालो माहितीय? मी म्हणालो, "अपडेटची काळजी करू नकोस."

बोला आता.

ती गेल्यावर तिच्या खुर्चीवर सुरेखाताईंनी आपली डब्याची पिशवी ठेवायला सुरुवात केली. मला ते बघवायचं नाही. सकाळची रोह्याकडची गाडी येऊन गेली की माझं लक्ष आपोआप दाराकडे जायचं. दारात कोण? पाण्याचा जारवाला. तिचा नंबर होता माझ्याकडे. दिवाळीला शुभेच्छा पाठवल्या, तिने अंगठा पाठवला. संक्रांतीला पाठवल्या, पुन्हा अंगठा. त्या अंगठ्यापुढे काय बोलणार माणूस?

मग मी काय करायचो, रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कोठीत शिरायचो. काम असो नसो. तिने लावलेली नावं, तिने घालून दिलेली मांडणी, सगळं जसंच्या तसं होतं. एक-दोन गोष्टी अपडेट करायच्या आणि बाहेर पडायचं. बरं वाटायचं, एवढंच.

आणि एक दिवस कोठीत शिरलो तर समोर गाय!

अक्षरं आणि रेघा जुळवून काढलेली गाय असते बघा, तिच्या तोंडाशी फुगा, आणि फुग्यात आपण लिहू ते. गंमत म्हणून लोक बसवतात. इथे ती कोणीतरी अशी बसवली होती की कोठीत शिरणाऱ्याला आधी गायच दिसावी. फुग्यात लिहिलं होतं, 'राम राम'.

मी बसवली नव्हती. सुरेखाताईंना पासवर्ड ठाऊक नाही, त्यांना काही लागलं तर त्या मला हाक मारतात. मग उरलं कोण? पासवर्ड कोणाकोणात होता? तुझ्या-माझ्यात!

अहो, बंगळूरला बसून इंटरनेटवरून ती मला राम राम घालत होती. मी फुगा पुसला आणि लिहिलं, 'राम राम. बरं आहे ना?'

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जवळजवळ धावत आलो. गायीच्या तोंडी नवं वाक्य होतं: 'बरं हाय. करमत नाय.'

हाय! नाय! एवढ्या मोठ्या शहरात जाऊन, दिवसभर इंग्रजीत बोलून पोरगी आपलं 'हाय-नाय' विसरली नव्हती. मला तर भरून आलं. मी लिहिलं, 'इकडेपण करमत नाही.' आणि मग अर्धा तास नुसता पंख्याकडे बघत बसलो.

असं सुरू झालं ते. कधी रोज, कधी दोन दिवसांआड. मी विचारायचो, 'जेवण झालं?' गाय म्हणायची, 'झालं. वालाचं बिरडं.' आता तुम्ही म्हणाल, बंगळूरला कडवे वाल कुठून आले? मलाही वाटलं. पण मी काय म्हटलं, गावाहून नेले असतील, बिचारी मोड आणून, एकेक सोलून, एकटीच बसून खात असेल. डोळ्यासमोर चित्र उभं राहिलं माझ्या!

एकदा गाय म्हणाली, 'सकाळपासून पाणी नाय आलं.' म्हटलं, बंगळूरला पाण्याचे हाल आहेतच.

एकदा म्हणाली, 'गुडघा दुखतो.' तरुण मुलीचा गुडघा? पण तिकडे सगळे पहाटे उठून पळतात म्हणे. मी आईला विचारून गायीच्या तोंडी सविस्तर लिहिलं, तिळाचं तेल कोमट करून लावणे, वरून रुईचं पान बांधणे. दुसऱ्या दिवशी उत्तर, 'गुण आला. किती काळजी.'

किती काळजी! हे वाक्य मी सुरेखाताईंना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाईना.

ताईंनी चष्मा वर केला. "हे कल्याणीच लिहिते कशावरून?"

"दुसरं कोण लिहिणार?"

"कोठीत कोण शिरलं ते कळत नाय?"

"कोठीच शिरली असं कळतं. खातं एकच ना सगळ्यांना."

"पण कुठून शिरलं ते तर कॉम्प्युटर सांगत असेल. बंगळूर की कुठलं ते?"

"सांगतो."

"मग बघ की!"

आणि इथेच, मंडळी, इथेच माती खाल्ली मी. एक ओळ टाइप करायची होती. लगेच कळलं असतं. पण मी नाही बघितलं. का नाही बघितलं? अहो, बघून बंगळूर नसतं निघालं तर? मी ताईंना म्हटलं, "असं कोणाच्या मागे हेरगिरी करणं बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाय," ताई म्हणाल्या, आणि डब्याची पिशवी उचलून त्यांनी ती खुर्ची रिकामी करून दिली. त्यांचीपण कमाल आहे.

मग मात्र माझा धीर वाढला. मी एक दिवस सरळ लिहिलं, 'कधी भेटणार?' पाठोपाठ बाहेर जाऊन दोन चहा प्यायलो.

गायीचं उत्तर आलं: 'तू सांग.'

तू सांग! म्हणजे सगळं माझ्यावर सोपवलं. आता नुसत्या गायीने भागणार नव्हतं. कॉम्प्युटरवर आगगाडीचा एक प्रोग्रॅम मिळतो, चालवला की पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धूर सोडत इंजिन जातं. तो मी कोठीत बसवला. आधी गाडी धावणार, मग गाय येणार, आणि गाय विचारणार, 'रविवारची गाडी?'

म्हणजे मला म्हणायचं होतं, एखाद्या रविवारी गाडीने घरी येशील का? पण फुग्यात जागा कमी.

शुक्रवारी उत्तर हजर: 'होय होय! येत्या रविवारी. स्टेशनवर भेटू.'

दोनदा होय!

शनिवारी मी केस कापले. रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, बाजारातून तिच्यासाठी पोह्याचे पापड घेतले, आणि दिव्याहून रोह्याला जाणारी दुपारची गाडी यायच्या कितीतरी आधी पेणच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. हातात पिशवी, तोंडात तीच जुनी चार-पाच वाक्यं. यावेळी अपडेटचा विषय काढायचा नाही असं स्वतःला बजावत होतो.

गाडी आली. कॉलेजची पोरं उतरली, भाजीच्या टोपल्या उतरल्या, एक वऱ्हाड उतरलं. कल्याणी नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. अरे गाढवा, तिचं घर रोह्याला! ती पेणला कशाला उतरेल? आणि गाडी हलायला लागली. मी चढलो. तिकीट होतं फलाटाचं, सांगून ठेवतो. पापडाची पिशवी छातीशी धरून मी डब्यामागून डबा पालथा घालायला लागलो. कासू गेलं. एका बाईने विचारलं, "पापड कसे दिले?" नागोठणं गेलं. एक ओढणी तिच्यासारखी दिसली, मी समोर जाऊन हसलो, ती बाई उठून दुसरीकडे बसली. निडी गेलं. बाहेर शेतात पावटे काढणारी माणसं दिसत होती, आणि माझ्या मनात नुसतं एकच, शेवटच्या डब्यात असेल. शेवटच्या डब्यात दोन म्हातारे पत्ते खेळत होते.

रोहा आलं. मी उडी मारून उतरलो आणि गाडीच्या दारांकडेच नजर लावली. सगळी गाडी रिकामी झाली. माणसं जिना चढून गेली. फलाटावर उरलो मी, भज्यांच्या हातगाडीशी उभा असलेला एक भजीवाला, आणि पलीकडच्या बाकाजवळ पांढराशुभ्र सदरा घातलेला एक माणूस. तोपण टाचा उंच करून गाडीच्या दारांत बघत होता. हातात अबोलीचा गजरा.

नाना!

"नाना, तुम्ही इथे?"

"मंदार? तू काय करतोस रोह्याला?"

"मी... सहज. तुम्ही?"

"कल्याणी येणार हाय ना!" नानांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. "कोणाला बोलली नाय ती. फकस्त मला कळवलं."

मी विचारलं, "फोन आला होता?"

"फोनवर कुठं बोलते रे ती. 'नाना, मीटिंग हाय', की ठेवला." नाना जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. आमचं एक गुपित हाय. जायच्या आधी तिनं मला कोठीचा पासवर्ड देऊन ठेवलाय. अडीनडीला लागला तर म्हणून. म्हणाली, नाना, तुमच्या-माझ्यातच राहू दे. मला शिकवताना ती एक गाय काढून दाखवायची, हसवायची. मग मला एक दिवस लय आठवण आली, तर मीच ती गाय बसवली. आणि काय सांगू मंदार, पोरगी बोलायला लागली की त्यात! रोज विचारते, नाना जेवण झालं का."

मी बाकावर बसलो.

"नाना," मी म्हटलं, "तिळाचं तेल लावलंत का गुडघ्याला?"

"तर! रुईचं पान बांधून." आणि मग नाना थांबले. "तुला कसं ठाव?"

मी पापडाची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. नाना माझ्याकडे बघत होते. माझा इस्त्रीचा शर्ट, कापलेले केस, पिशवी, सगळं बघून झालं.

"ते 'इकडेपण करमत नाही', ते..."

"मी."

"आणि 'कधी भेटणार'?"

"मीच, नाना."

"अरे, मग मी डोळे पुसले ते काय तुझ्यासाठी?"

भजीवाला फसकन हसला. नानांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने झारा कढईत घातला. मग नाना माझ्या शेजारी बसले. मला वाटलं, आता हा माणूस विचारणार, माझ्या पोरीला तू कशाला रे कधी भेटणार? त्यांनी तसं काही विचारलं नाही. गजरा कागदात गुंडाळत म्हणाले, "तुझंपण असंच होतं का रे? गाडीच्या टायमाला?"

"हो नाना. जारवाला येतो."

"माझ्याकडे पोस्टमन."

मग एकदम ते ताठ झाले. "थांब, फोन लावतो तिला. हसेल तरी जरा." त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यापासून लांब धरून नंबर शोधला आणि कानाला घट्ट लावला. नानांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे ते फोन गालावर दाबूनच धरतात.

"कल्याणी? अगो, इथं काय मज्जा झाली! ती आपली कोठी हाय ना, तिच्यात..."

पलीकडून कल्याणीचा आवाज आला. इतक्या दिवसांनी. "कोठी? नाना, ते अजून चालू आहे? मी तर पासवर्डपण विसरले."

"बरं बरं. अगो, इथं माझ्याबरोबर मंदार हाय."

"कोण मंदार?"

नानांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, जसं काही तिने माझी खुशालीच विचारली. "पेणच्या हाफिसातला गो!"

"हां हां, तो. नाना, तो अजून तिथंच आहे?"

"व्हय व्हय, बरा हाय!"

"बरं, ठेवू का? मैत्रिणी आल्यात, बाहेर चाललोय आम्ही. गोळ्या घ्या वेळेवर."

नानांनी फोन खिशात टाकला. घसा साफ केला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी खऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "तुझी लय चौकशी करत व्हती रे. म्हणाली, मंदारला जेवल्याबिगर सोडू नका."

"असं म्हणाली?"

"तर! म्हणाली, त्याच्यासारखा माणूस नाय त्या हाफिसात."

आता तुम्हाला सांगतो. नानांच्या गालाने दाबून त्या फोनचा स्पीकर कधीच चालू झाला होता. शब्दन् शब्द मी ऐकला होता. मीच काय, भजीवाल्यानेपण ऐकला होता, आणि तो बिचारा आता न हसता, न मागता माझ्यासाठी कागदात भजी बांधत होता. मी ऐकलंय हे अख्ख्या फलाटावर ज्याला ठाऊक नव्हतं असा एकच माणूस होता, नाना.

आणि मी? सगळं धडधडीत ऐकून बसलेला मी, त्यांच्याकडे सरकलो आणि विचारलं, "नाना, अजून काय म्हणाली?"